काळ्या गाडीवरचे पांढरे डाग : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. सिरॅमिक कोटिंगला (पेंटवर चढवतात तो पातळ, पारदर्शक संरक्षक थर) 25,000 रुपये घातले, चार महिन्यांत काळ्या गाडीवर पांढरे डाग पडले, पाणी पूर्वीसारखं घसरत नाही, कोटिंग बोगस आहे, पैसे परत करा, असं तुम्ही लिहिलंय. वडील रोज सकाळी स्वतः गाडी धुतात तरी ही गत, हेही लिहिलंय. डाग आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कोटिंग गेलेलं नाही, आणि म्हणून पैसे परत करणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण पुण्याच्या वाघोली-खराडी भागातून हीच तक्रार घेऊन आणखी बरेच जण येतात.

शुक्रवारी तुमची गाडी दिव्याखाली घेतली. टपावर आणि बोनेटवर गोल पांढरे ठसे, कडा ठळक आणि मधला भाग फिकट. दरवाज्यांवर तुरळक. आरशांखाली आणि हँडलखाली उभे ओघळ. म्हणजे पाणी जिथे साचून राहतं तिथेच डाग. कोटिंग उडालं असतं तर ते असं जागा बघून उडालं नसतं. मग तुमच्यासमोरच बोनेटच्या कोपऱ्यात टेपने वीतभर चौकोन आखला, त्यात डाग काढायचं केमिकल लावलं, धुतलं आणि बाटलीने पाणी मारलं. चौकोनात टपोरे थेंब बनून खाली घरंगळले, टेपच्या बाहेर पाणी तसंच पसरून बसलं. कोटिंग खाली शाबूत आहे, त्यावर क्षारांचा थर बसलाय. याचा व्हिडिओ तुम्हीच मोबाईलवर काढलात. रिव्ह्यूत तेवढं राहून गेलं, म्हणून इथे लिहितोय.

तुम्ही बाटलीत आणलेल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार वगैरे, 900 मिलिग्रॅमच्या वर आला. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या भारतीय मानकात 500ची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2000पर्यंत चालवून घेतात. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो, तोच हा.

आता जी गोष्ट आमच्या धंद्यात कोटिंगसाठी गाडी ताब्यात घेताना फार कुणी सांगत नाही, ती सांगतो. साध्या पेंटवर पाणी पातळ पसरतं, त्यामुळे क्षारही पातळ पसरतात आणि चटकन दिसत नाहीत. कोटिंगवर पाणी थेंब करून उभं राहतं. तो थेंब उन्हात वाळला की त्यातले सगळे क्षार एका टिपक्यात गोळा होतात. म्हणून कोटिंगची गाडी धुऊन तशीच वाळू दिली तर तिच्यावर डाग जास्त उठून दिसतात, त्यात काळा रंग असला तर विचारूच नका. फॅक्टरीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर कोटिंगचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. तो घाण सहज चिकटू देत नाही, धुणं सोपं करतो, ऊन-पावसाचा मारा झेलतो. गाडी पुसायचं काम तो करत नाही. ‘9एच’ लिहून दगडानेही चरा पडत नाही अशा जाहिराती चालतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. तो आकडा पेन्सिलने घेतलेल्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, चऱ्यांच्या गॅरंटीचा नाही.

काकांबद्दल, म्हणजे तुमच्या वडिलांबद्दल, एक शब्दही वावगा बोलणार नाही. त्यांच्याइतक्या प्रेमाने गाडी धुणारे कमीच. पण ते साडेनऊला, ऊन चढल्यावर धुतात आणि ‘कोटिंग आहे, पाणी आपोआप जाईल’ म्हणून सोडून देतात, हे तुम्हीच सांगितलंत. रोज क्षारांचं जड पाणी आणि रोज ऊन, म्हणजे थरावर थर. डिलिव्हरीच्या वेळी दिलेल्या कार्डावर पहिलीच ओळ आहे : सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा.

कोरडी करायची तर अशी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढा आणि टपापासून खाली सावकाश धार सोडा. कोटिंग चांगलं असेल तर पाण्याची चादरच्या चादर सरकून जाते आणि पुसायला थोडंच उरतं. आरशांचे सांधे, हँडल, लोगो, नंबरप्लेट, डिकीची फट, इथलं पाणी ब्लोअरने उडवा. नाहीतर गाडी हलवली की तेच ओघळतं. मग मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल, पिळदार धाग्यांचा असेल तर उत्तम. तो पत्र्यावर अंथरायचा आणि दोन टोकं धरून अलगद ओढायचा. घासायचं नाही, गोल गोल तर अजिबात फिरवायचं नाही. तुमच्या डाव्या दरवाज्यावर दिव्यात दिसले ते बारीक गोल चरे फडक्याचेच आहेत. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो पेंटला लावू नका. धुताना त्याला फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी पिणं सोडतो. सोसायटीत एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं बुडवून पुसून देतात, त्यांना तर कोटिंगच्या गाडीला हातच लावू देऊ नका.

रोज धुवायची गरजही नाही. आठवड्यातून एकदा पुरे, शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा. मधल्या दिवसांत धूळ कोरड्या फडक्याने झटकू नका. शेवटच्या पाण्यासाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर फारच छान. ताजा डाग दिसला तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून, गार पत्र्यावर मिनिटभर ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवा. महिनोन् महिने मुरलेले डाग मात्र घरी खरवडू नका. ते खोल गेले की पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिशमध्ये कोटिंगही निघून जातं.

राहिला पैशांचा प्रश्न. पूर्ण गाडीचे डाग काढायचे 1,500 रुपये सांगितले, ते तेवढेच राहतील, कारण ते अर्ध्या दिवसाचं हातकाम आहे आणि हा कोटिंगचा दोष नाही. त्यानंतरही एखाद्या भागावर पाणी घसरत नसेल तर तो भाग वॉरंटीत नव्याने कोट करून देईन, एक रुपया घेणार नाही. तुमच्या डाव्या दरवाज्याचे चरेही त्याच वेळी तपासून सांगेन.

रविवारी सकाळी आठच्या आत गाडी घेऊन या, काकांनाही आणा. टॉवेल आणि ब्लोअर त्यांच्या हातात देतो, एक बाजू मी कोरडी करतो, दुसरी ते करतील. येताना गाडी धुऊन आणू नका.