गोठवलेलं ब्लडवर्म थेट टाकीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ब्लडवर्मचा (माशांना खाऊ घालायच्या लाल अळ्यांचा) गोठवलेला क्यूब वितळवा, गाळा, धुवा हे सगळे सोपस्कार फुकटचे, तीन वर्षं क्यूब थेट माशांच्या टाकीत सोडताय, निऑन टेट्रा (छोटे शोभेचे मासे) मजेत आहेत, धुतल्याने उलट जीवनसत्त्वं जातात, आणि लाईट गेल्यावर वितळलेली क्यूबची पट्टी पुन्हा गोठवूनही काही बिघडलं नाही.

जीवनसत्त्वांचं मान्य. गाळलं की पुरे, नळाखाली धरायची गरज नाही. गार घासाने माशाचं पोट बिघडतं असंही माझं म्हणणं नाही. २६ अंशांच्या पाण्यात एकटी अळी काही सेकंदांत वितळते. आधी वितळवायचं ते मोजता यावं आणि नीट बघता यावं म्हणून.

१०० ग्रॅमच्या पट्टीत साधारण ३० क्यूब, म्हणजे एक क्यूब तीन ग्रॅमच्या वर. सहा निऑनचं मिळून वजनही तेवढं भरत नाही! उरलेलं खडीत शिरतं, फिल्टरच्या तोंडाला चिकटतं, कुजतं, त्याचा अमोनिया होतो. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या पुढे असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी. तुमची टाकी मोठी आणि झाडांनी भरलेली असेल तर पचवत असेल. ३० लिटरची नाही पचवणार.

क्यूब दगडासारखा असतानाच सुरीने तोडा. सहा निऑनना आठवा भाग पुरतो. बाकीचा लगेच फ्रीझरमध्ये. बोटं लावू नका, चिमटा घ्या, कारण ब्लडवर्मची ॲलर्जी खरोखर होते : खाज, शिंका, डोळे लाल. तुकडा टाकीतल्याच दोन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको, अळी फुटते, लाल रस पाण्यात जातो आणि माशाला नुसती साल मिळते. मग चहाच्या गाळणीतून गाळा. (सायक्लॉप्स, म्हणजे खाद्य म्हणून मिळणारे फार बारीक पाणजीव, तिच्यातून निसटतात, त्यांना मलमलचा तुकडा.) निऑनच्या तोंडाला अख्खी अळी मोठी होते, ब्लेडने बारीक करा. फिल्टर पाच मिनिटं बंद, ड्रॉपरने थोडं थोडं सोडा. दोन मिनिटांत खाल्लं गेलं नाही ते नळीने ओढून काढा. आणि फिल्टर चालू करायचा गजर लावा, घोळ इथेच होतो.

राहिली ती पट्टी. गोठवल्याने सगळे जीवाणू मरत नाहीत, थांबतात. वितळलं की पुन्हा वाढू लागतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली पाकिटं मिळतात, पण ते निर्जंतुकपण पाकीट उघडेपर्यंतच. लाईट बराच वेळ गेली असेल तर पट्टी आडवी धरून बघा. क्यूबच्या कडा गोल झाल्यात, एका बाजूला लालसर बर्फ साचलाय, अळ्या गडद लाल सोडून तपकिरी दिसतायत, तर ती वितळून पुन्हा गोठलीय. त्यातलं काही देऊ नका, वीस क्यूब उरले असले तरी.