सुंग वाचला असता तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

कुओमिंतांग पक्षाचा नेता सुंग जियाओरेन १९१३च्या हल्ल्यातून जिवंत राहता तर चीनचं नवं प्रजासत्ताक टिकलं असतं, हे माझं म्हणणं तुम्हाला स्वप्नरंजन वाटलं. बंदुका राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईकडे होत्या आणि शतकानुशतकं बादशहापुढे डोकं टेकणाऱ्या देशाला संसद पेलणारच नव्हती, असं तुम्ही लिहिलंत.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला अजिबात पटत नाही. १९१२-१३च्या हिवाळ्यात तिथे निवडणूक झाली. मतदार सुमारे ४ कोटी, सगळे पुरुष, वर मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट. (स्त्रियांचा हक्क डावलला म्हणून स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या थांग छुनयिंगने भर सभेत सुंगच्या थोबाडीत दिली होती. बरंच केलं.) कनिष्ठ सभागृहातल्या ५९६ पैकी २६९ जागा त्याच्या कुओमिंतांगला मिळाल्या. बहुमत नव्हे, पण सर्वात मोठा पक्ष. आणि १९१५च्या शेवटी युआन स्वतः बादशहा व्हायला निघाला, तेव्हा युन्नान प्रांत उठला, त्याच्याच सेनापतींनी अंग काढून घेतलं. तीन-चार महिन्यांत त्याला बेत गुंडाळावा लागला. बादशहासाठी आसुसलेला देश असा वागतो का?

आता बंदुका. त्या होत्या, पण शिपायांचा पगार कुठून येत होता? बादशाही उलथवणाऱ्या १९११च्या क्रांतीनंतर प्रांत महसूल दाबून बसले होते, जकात परदेशी कर्जांत जात होती. युआनची तिजोरी रिकामी होती. २० मार्च १९१३ला शांघाय स्टेशनवर सुंगला गोळी लागली, दोन दिवसांनी तो गेला. ८ एप्रिलला संसद भरली. २६ एप्रिलला युआनने तिला न विचारता पाच देशांच्या बँकांकडून अडीच कोटी पौंडांचं कर्ज उचललं, तारण मिठावरचा कर. त्या बळावर जुलैत दक्षिणेत कुओमिंतांगवाल्यांनी केलेलं बंड मोडलं, नोव्हेंबरात कुओमिंतांगवर बंदी आली, जानेवारीत संसदच बरखास्त.

माझी कल्पना एवढीच आहे : सुंग बीजिंगला पोचतो, मित्रपक्ष जोडून मंत्रिमंडळ बनवतो आणि कर्जाचा करार सभागृहात आणायला लावतो. युआन राष्ट्राध्यक्ष राहतोच, फक्त फौजेचा पगार संसदेच्या सहीने निघतो. अमेरिकेने मार्चमध्येच या कर्जातून अंग काढलं होतं, म्हणजे बँकांची फळीही अभेद्य नव्हती.

माझ्या मांडणीला खरा धोका जपानचा आहे. चीनवर वर्चस्व मिळवायला जपानने जानेवारी १९१५मध्ये पुढे केलेल्या एकवीस मागण्या सुंगच्या सरकारपुढेही आल्याच असत्या. त्यावर लिहा, उत्तर द्यायला मला आवडेल.