अल्टरनेटरची ‘फुकट’ वीज आणि चार हॅलोजन

गणपती जवळ आले की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘इंजिन चालू असलं की गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतोच, त्यामुळे त्याची वीज फुकट. ९० अँपिअरचा अल्टरनेटर म्हणजे बाराशे वॉट, गाडी त्यातलं निम्मंही वापरत नाही. कोकणात जाताना बिनधास्त चार हॅलोजन लावा. हेडलाइटच्या वायरवरच जोड मारा, रिले म्हणजे वायरमनची कमाई. फ्यूज उडाला तर मोठा टाका. एलइडी लावलात तर एवढीही चिंता नाही, आणि नव्या गाडीत कॉम्प्युटर सगळं सांभाळतो.’

रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मी स्वतः गाड्यांचा वायरमन, त्यामुळे कमाईचा टोला थेट मलाच आहे. त्याकडे येतोच.

आधी ‘फुकट’. शाळेत असताना सायकलला बाटलीसारखा डायनामो असायचा, तो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. चाक काय, तसंही फिरतच होतं. अल्टरनेटरचंही तेच. त्यातून करंट काढला की तो पट्ट्याला उलटा जोर लावतो; भौतिकशास्त्रज्ञ लेंझने १८३४ मध्ये मांडलेला हा नियम आपल्या गाडीसाठी बदलत नाही. पडताळायचं असेल तर गाडी स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता उभी, ठेवा आणि अपर (हेडलाइटचा लांबचा झोत), ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा. जुन्या डिझेल गाडीचा आवाज क्षणभर बसलेला चक्क ऐकू येतो.

पण याच्या उलटा मेसेजही फिरतो, की जादा लाइटने अ‍ॅव्हरेज निम्मं होतं. तोही खोटा. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातला तिसरा हिस्सा इंजिन पट्ट्यापर्यंत पोचवतं आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त अल्टरनेटर बल्बपर्यंत. म्हणजे लिटरमागे पावणेदोन युनिट हाती आले. ५५ वॉटचे चार हॅलोजन रात्रभर दहा तास जळले तर २.२ युनिट, सव्वा लिटर डिझेल. अठराचं अ‍ॅव्हरेज सतराच्या आसपास येईल. फुकट नाही, पण रडण्यासारखंही नाही.

खरी मेख त्या ९० अँपिअरमध्ये आहे. हा आकडा अल्टरनेटर स्वतः मिनिटाला सहा हजार फेऱ्या फिरत असतानाचा. अल्टरनेटरची पुली छोटी असल्याने तो इंजिनाच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो, त्यामुळे हायवेवर ही गोष्ट सहज जमते. स्लोवर इंजिन आठशे, म्हणजे अल्टरनेटर दोन हजारांच्या थोडा वर. त्यात बॉनेटखाली तापलेला. अशा वेळी ९० च्या अल्टरनेटरने ४० दिले तरी खूप. आणि घाटात ट्रॅफिक तुंबतं तेव्हा आपण नेमके स्लोवर असतो.

मागच्या गणपतीत एका मित्राची गाडी कशेडी घाटात अशीच अडकली होती. पाऊस, एसी चालू, दोन तासांत गाडी फर्लांगभर सरकली असेल. हिशोब करू: हेडलाइट ९ अँपिअर, इंजिनाचं कंट्रोल आणि फ्युएल पंप ८, ब्लोअर ८, वायपर ४, टेल लाइट आणि डॅशबोर्ड २. झाले ३१. रेडिएटरचा फॅन लागला की आणखी १२. म्हणजे कंपनीने दिलेल्या सामानातच अल्टरनेटर काठावर आला. त्यावर चार हॅलोजनचे १७. कमी पडलेला करंट बॅटरी गुपचूप भरत राहते, कधी ८, कधी २०. सरासरी १५ धरा, दोन तासांत ३० अँपिअर-तास गेले. बॅटरी ४५ ची, तीही तीन वर्षं वापरलेली. डिझेल वाचवायला म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि परत सेल्फ मारला तर नुसतं टक टक. मागच्या ट्रकवाल्याने जम्पर लावून दिला, म्हणून सुटला.

हॅलोजन बंद का केले नाहीत, असं मी विचारलं. तर फिटरने त्यांना स्विचच दिला नव्हता. पार्किंगच्या वायरवर थेट जोड. पार्किंग लागली की चारही दिवे समोरच्याच्या डोळ्यात.

त्याची गाडी दुकानात उघडली तेव्हा ‘हेडलाइटच्या वायरवरच जोड मारा’ म्हणजे काय, ते समोरच दिसलं. जुन्या वायरचं कव्हर ब्लेडने सोलून नवी वायर नुसती पिळलेली, वरून काळी टेप. टेप तापून मऊ झालेली, बोटाला चिकटत होती. आत तांबं काळंनिळं पडलेलं. अशीच जोडणी हेडलाइटच्या वायरवर असती तर सगळा करंट अपर-डिपरच्या स्विचमधून गेला असता. स्टिअरिंगखालच्या त्या दांडीतले पॉइंट एवढ्या करंटचे नसतात. आधी ते जळतात, मग प्लास्टिक बसतं आणि एक दिवस डिपर मारला की दोन्ही हेडलाइट जातात. वळणावर.

शिवाय उजेडही मिळत नाही. एक चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर धरा. १७ अँपिअरला तिच्यातच सव्वा व्होल्ट जातं, म्हणजे नऊ टक्के. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो, नऊ टक्के व्होल्टेज गेलं की पाव भागाहून जास्त उजेड गेला. पैसे चार बल्बचे, उजेड तीनचाही नाही. जोड हेडलाइटवर असेल तर मूळचे दिवेही पिवळे पडतात ते वेगळंच.

आता माझी ‘कमाई’. रिले दीडशे-दोनशे रुपयांचा. अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीच्या प्लसवरून निघते, वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ वरून दिव्याला. ८५ बॉडी अर्थला. ८६ ला अपरची वायर फक्त इशाऱ्यापुरती, मधे एक स्विच. त्या इशाऱ्याला अँपिअरचा पाचवा भागही लागत नाही. डिपर मारला की जादा दिवे आपोआप बंद. यातला जास्त खर्च वायरचा असतो, माझ्या मजुरीचा नाही.

फ्यूजबद्दल एकच: तो बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. १५ च्या जागी ३० टाकलात की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळणार.

एलइडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. तेवढ्याच उजेडाला एलइडी बराच कमी करंट घेते. पण खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका. ‘३०० वॉट’ लिहिलेला एक एलइडी बार मी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून पाहिला, ५ अँपिअर घेत होता, म्हणजे पासष्ट-सत्तर वॉट. अल्टरनेटरच्या दृष्टीने बरंच झालं म्हणा! ज्याने ३०० चे पैसे मोजले त्याला मात्र मी मीटर दाखवला नाही. उजेड कुठे पडतो हा प्रश्न तर राहतोच. आंबोलीच्या धुक्यात असा बार लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तिथे खाली बसवलेला, वरून कापलेल्या बीमचा फॉग लाइटच लागतो. आणि समोर स्पॉट लाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ ची मनाई आहे, खास परवानगी असेल तरच सूट. तो नियम करंट मोजत नाही.

राहिला कॉम्प्युटर. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट गेला, किती आला, हे तो मोजतो आणि त्यावरून अल्टरनेटर कमी-जास्त होतो. फिटर जादा लाइटची अर्थ वायर सरळ मायनसच्या टर्मिनलवर कसतो, तेव्हा तो करंट सेन्सरला चुकवून जातो. कॉम्प्युटरच्या वहीत त्याची नोंदच नाही, मग सांभाळणार काय? अर्थ बॉडीवर घ्या.

मित्राच्या गाडीत आम्ही दोनच हॅलोजन ठेवले, वर सांगितलं तसं फिटिंग केलं. एसी, वायपर, हेडलाइट आणि ते दोन लावून स्लोवर मीटर धरला तर १३.४ व्होल्ट. फॅन लागल्यावर १२.९. ‘फॅन लागला की हे दोन्ही बंद करायचे,’ असं त्याला बजावलंय. उतरवलेले दोन माझ्या फळीवर पडून आहेत. कुणाला हवे असतील तर ते खरोखर फुकट देईन, वायर आणि रिले मात्र विकत घ्यावी लागेल.