दगडी सरडा बीडला आलेला नाही

गेल्या आठवड्यात भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. फिकट खडीवर बसलेला राखाडी सरडा, दोनदा बघितल्याशिवाय दिसतही नाही. खाली मजकूर: ‘सावधान! वाळवंटातला विषारी दगडी सरडा बीडच्या माळावर सापडला. डोळ्यांतून विषारी रक्त उडवतो, शेजारच्या दगडाचा रंग घेतो. मराठवाडा वाळवंट होत असल्याचा हा पुरावा. दिसताच ठेचा.’ दोन दिवसांनी तोच फोटो जालन्याच्या नावानं आला, मग धाराशिवच्या. सरडा बदलीवर असावा.

‘बीडला सापडला.’ सरडा खरा, पत्ता खोटा. आखूड शिंगं आणि गोल, बारीक शेपूट असलेला हा शिंगी सरडा, शास्त्रीय नाव फ्रायनोसोमा मोडेस्टम. राहतो टेक्सास, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या माळांवर, आणि मुख्यतः मुंग्या खातो. शिंगी सरड्याची एकही जात मुळात अमेरिका खंडाबाहेरची नाही. शिवाय फोटोतली खडी बघा. आपल्या काळ्या बेसाल्टवर हा फिका गडी बसला, तर घारीला लांबूनच दिसेल.

‘दगडाचा रंग घेतो.’ इथं जरा थांबू, कारण खरी गंमत या अफवेपेक्षा मोठी आहे. दगड बदलला की हा रंग बदलत नाही. जिथली जमीन राखाडी तिथले सरडे बहुतेक राखाडी, जिथली तांबूस तिथले तांबूस. उठून दिसणारे पक्ष्यांनी टिपले, मिसळून जाणारे उरले, असं पिढ्यानपिढ्या चाललं. पण नुसत्या रंगानं दगड होता येत नाही. धोका दिसला की हा अंगठ्याएवढा जीव पाठ वर काढतो, पाय पोटाखाली घेतो आणि गप्प बसतो. मानेजवळ आणि जांघेत गडद डाग असतात, ते दोन दगडांमधल्या सावलीसारखे दिसतात. त्याच्या बहुतेक भाऊबंदांच्या कुशीला टोकदार खवल्यांची झालर असते. ते जमिनीला चिकटून बसतात आणि त्या झालरीमुळे अंगाची कडा मातीत विरून जाते. याला ती झालर नाही. बरोबरच आहे, दगडाला कुठं झालर असते? वेड शेरब्रूक आणि रिचर्ड मोंटानुची या अभ्यासकांनी 1988 साली या सरड्याच्या दगडाच्या सोंगावर शोधनिबंधच लिहिला.

‘डोळ्यांतून विषारी रक्त.’ हा दुसऱ्याचा गुन्हा याच्या नावावर. डोळ्याच्या कडेतून रक्ताची चिळकांडी मारतो तो याचा मोठा भाऊबंद, टेक्सासचा शिंगी सरडा. त्या रक्ताची चव कोल्ह्या-कुत्र्यांना सोसत नाही एवढंच, त्यात माणसाला मारणारं विष नाही. खरोखर विषारी म्हणून नावाजलेला गिला मॉन्स्टर नावाचा सरडाही तिकडचाच. आपल्याकडच्या सरड्याच्या, पालीच्या किंवा सापसुरळीच्या विषानं माणूस मरत नाही. घोरपड जोरात चावते, पण तिला मारणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

‘वाळवंटाचा पुरावा.’ या सरड्याच्या चिवावा वाळवंटात बऱ्याच भागांत वर्षाला साधारण 250 मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी 700 च्या आसपास. दुष्काळ आपण भोगलाय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते कोणी विसरलेलं नाही. पण त्याची कारणं पावसाच्या खंडात, उपशात आणि उसात शोधायची, टेक्सासच्या सरड्यात नाही.

उरलं ‘दिसताच ठेचा’. हे मात्र लोकांनी लगेच मनावर घेतलं. परवा त्याच ग्रुपवर पुतण्यानं ‘एक मारला’ म्हणून फोटो टाकला. पाठीवर काट्यांची ओळ, अंगापेक्षा लांब शेपूट, बांधावरच्या बोरीखाली पडलेला. आपला रोजचा सरडा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं-गळा लाल होतो, म्हणून ‘रक्त पितो’ ही आवई. खातो किडे, तेही आपल्याच कपाशीवरचे.

मी फोन केला. तो म्हणाला, “काका, पण रंग बदलला ना त्यानं! आधी लालभडक होता, मारल्यावर मातकट झाला.”

“अरे, भ्याला होता तो,” मी म्हणालो. “घाबरल्यावर लाली उतरते.”

पलीकडून काही आवाज आला नाही. संध्याकाळी बघितलं तर फोटो डिलीट केलेला होता.