रात्री मावशी किती, हे विचारू नका

आईला ‘चांगल्या ठिकाणी’ ठेवायचं ठरलंय ना? अभिनंदन. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द मात्र आजपासून बंद. मोठ्या मामांना सांगताना ‘सीनियर लिव्हिंग’ म्हणायचं. आमटी दोन्हीकडे तितकीच पातळ असते, पण ‘लिव्हिंग’ म्हटलं की मामा पुढचं विचारत नाहीत.

जागा पाहायला सकाळी अकराला जा, आधी फोन करून. तोवर अंघोळी आटोपलेल्या असतात, फिनेलचा वास ताजा असतो आणि पावडर लावलेल्या आज्या व्हरांड्यात ओळीनं बसवलेल्या असतात. ऑफिसात बसून चहा घ्या. भिंतीवर १ ऑक्टोबरचे, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनाचे फोटो असतील. नगरसेवक, शाल, आणि हातातल्या नारळाचं काय करायचं ते न कळलेले एक आजोबा. कारंजं, गणपती आणि फिजिओथेरपीची सायकल यांचे फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका. सायकलीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, तेवढं फोटोत येऊ देऊ नका.

संध्याकाळी सातला मात्र चुकूनही फिरकू नका. दिवे मालवलेले असतात. जेवणं साडेपाचलाच उरकतात, कारण स्वयंपाकाच्या बाईंची बस सहाची. त्यानंतर थेट सकाळी आठचा नाश्ता. मधे साडेचौदा तास, आणि आई इन्शुलिनवर. ईएमआयचा हिशोब करता तसा हा करायला बसलात, तर डिपॉझिटच्या चेकवर सही जुळायची नाही.

आता मुख्य पथ्य. रात्री मावशी किती असतात, हे विचारायचं नाही. पत्रकात ‘चोवीस तास स्टाफ’ छापलंय ना, झालं तर. स्टाफ चोवीस तास असतोच. रात्री बावीस खाटांमागे एक मावशी म्हणजेही स्टाफच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग फाटते. बावीसांतले सहाच जण असे धरले, तरी रात्रीच्या आठ तासांत चोवीस कुशी झाल्या. शिवाय डायपर, कमोड, पाणी, आणि ‘माझा मुलगा आला का’ म्हणून दर अर्ध्या तासाला हाक मारणाऱ्या कोपऱ्यातल्या आजी. त्यातून ही मावशी दिवसा ब्युरोतर्फे आणखी एका घरी काम करून आलेली. गणित चौथीतलं आहे, म्हणूनच घालू नये.

आमच्या आत्याच्या खाटेशी बेल होती. लाल बटण, लांब वायर. ती वायर छान गुंडाळून पडद्याच्या दांडीला टांगलेली. विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाले, “आजी सारख्या वाजवतात हो!” आत्याचा हात तेव्हा चादरीवर काहीतरी चाचपत होता. आम्ही समजूतदारपणे मान डोलावली. तुम्हीही डोलवा. पाठ उघडून दाखवा असंही आम्ही म्हटलं नाही. बायकामाणसाची पाठ, बरं दिसतं का ते?

महिन्याभरात आई ‘शांत’ झाली, असं कळवलं जाईल. “आता अजिबात त्रास देत नाहीत.” धन्यवाद म्हणा. गोळी कुठली, कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली, हे खोदू नका. मग त्या गुंगीत रात्री बाथरूमला उठताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर फोन येईल, “आजी पडल्या.” आजी नेहमी आपल्या आपणच पडतात. मराठीत तशी सोय आहे.

कायद्याला घाबरायचं कारण नाही. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला २००७च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, फार तर दोन्ही. पण तुम्ही कुठे सोडलंय? तुमच्याकडे दरमहा पावती आहे. त्याच कायद्यात जिल्ह्यामागे निदान एक, किमान १५० गरजू ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम सरकारनं उभारावा, असंही लिहिलंय. खाटांचा आकडा कसा नेमका! त्या दीडशे खाटांमागे रात्री मावशी किती, हे कलम लिहिणाऱ्यांनीही विचारलं नाही. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

राहता राहिला फॉर्म. आधार, मेडिक्लेम, ‘काही बरंवाईट झाल्यास’ कळवायचे दोन नंबर. तळाशी एक ओळ असेल, ‘आवडीनिवडी’. आई शेजारच्याच खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली असेल, पण तिला विचारू नका. ती सांगत बसेल की पहाटे साडेपाचला चहा लागतो, आल्याचा, कपात नको, फुलपात्रात. आणि रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, हात लांबवला की लागेल असा. ओळ एवढीशी आहे. ‘विशेष काही नाही’ लिहा आणि सही करा.