तीन पॉइंट चारचा तोरा

वादाला निमित्त झाले ते जुन्या संगणकांतून काढलेल्या दोन प्रोसेसरांचे. आमच्यातला दुरुस्तीची कामे करणारा दादा ते पिशवीत घालून कट्ट्यावर घेऊन आला होता. आकाराने दोन्ही अगदी सारखे होते आणि दोन्हींच्या पोटाला पिनांऐवजी सोनेरी ठिपक्यांची दाट जाळी होती. धातूच्या झाकणावर वाळलेल्या पेस्टचा करडा थर बसला होता. तो अंगठ्याने घासल्यावर खालची कोरीव अक्षरे दिसू लागली. एकावर ३.४० गिगाहर्ट्झ, ४ एमबी आणि ८०० असे आकडे होते, तर दुसऱ्यावर १.८६ गिगाहर्ट्झ, २ एमबी आणि १०६६. पहिला पेंटियम डी ९४५ होता आणि दुसरा कोअर २ ड्युओ ई ६३००. दोघेही इंटेलचे, दोघेही ६५ नॅनोमीटरच्या तंत्रावर घडवलेले आणि दोघांतही दोन-दोन कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन-दोन भाग.

आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने आकडे वाचले आणि निकाल देऊन टाकला. वेग जवळजवळ दुप्पट, कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी दुप्पट, मग चर्चा कसली करायची, असा त्याचा सरळ प्रश्न होता. मास्तर संगणकशास्त्र शिकवतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तेव्हाच आता तासभर तरी घरी जाता येणार नाही हे आम्ही ओळखले.

गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात घड्याळाचे किती ठोके पडतात एवढेच, असे सांगून मास्तरांनी सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर किती काम उरकतो हा प्रश्न निराळा असतो आणि खरी मेख तिथेच आहे. पेंटियम डीच्या पोटात पेंटियम ४ ची नेटबर्स्ट रचना आहे. ठोके वाढवता यावेत म्हणून तिच्यात प्रत्येक सूचनेचे काम अतिशय बारीक टप्प्यांत चिरलेले असते, आणि प्रेस्कॉट नावाच्या पेंटियम ४ पासून पुढे हे टप्पे ३१ पर्यंत गेले होते. कोअर २ मध्ये ते १४ आहेत आणि एका ठोक्याला चार सूचनांपर्यंत मजल जाते. एक जण टुकूटुकू पावले टाकत धावतो आणि दुसरा लांब ढांगा टाकत चालतो, तेव्हा नुसती पावले मोजून कोण पुढे गेला हे कसे ठरवणार, असे त्यांनी विचारले.

धाकटा काही मागे हटला नाही. टप्पे जास्त असले म्हणून काय झाले, एकदा रांग भरली की दर ठोक्याला माल बाहेर पडतोच ना, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अजिबात पोरकट नव्हते. मास्तरांनीही ते मान्य केले, पण रांग भरलेली राहील तोवरच, एवढी पुस्ती जोडली. प्रोग्रॅममध्ये पावलोपावली ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असे फाटे असतात. प्रोसेसर पुढचा फाटा अंदाजाने धरतो आणि अंदाज चुकला की रांगेतले अर्धवट काम टाकून देऊन नव्याने सुरुवात करतो. मी तिथल्या तिथे मोबाइलवर आकडेमोड केली. ३.४ गिगाहर्ट्झच्या वेगाने ३१ टप्पे पार करायला सुमारे ९ नॅनोसेकंद लागतात आणि १.८६ च्या वेगाने १४ टप्पे साडेसात नॅनोसेकंदांत होतात. हिशेब ढोबळ आहे, पण ज्याचे घड्याळ संथ, तोच चुकीतून लवकर सावरतो हे पाहून मी स्वतःही चकित झालो.

कॅशेचा मुद्दा मात्र दादाने निकालात काढला. पेंटियम डीच्या या पिढीत एकाच झाकणाखाली सिलिकॉनच्या दोन वेगळ्या चकत्या शेजारीशेजारी बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीची कॅशे २ एमबीची असते. म्हणजे कोणत्याही एका कोरच्या वाट्याला ४ एमबी कधीच येत नाही. एका कोरचे ताजे काम दुसऱ्याला हवे असेल तर ते बाहेरच्या बसवरून, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या वाटेवरून, मदरबोर्डवरच्या चिपसेटला वळसा घालून येते. ई ६३०० मध्ये २ एमबी दोघांत सामाईक आहे. एक कोर रिकामा बसला असेल तर दुसऱ्याला जवळजवळ सगळी जागा वापरता येते. बसची रुंदी दोन्हीकडे ८ बाइट, आणि झाकणावरचे ८०० म्हणजे सेकंदाला ८०० दशलक्ष खेपा, त्यामुळे ८०० च्या हिशेबाने सेकंदाला ६.४ जीबी आणि १०६६ च्या हिशेबाने साधारण ८.५ जीबी जाऊ शकतात. पेंटियम डीचे दोन्ही कोर त्या अरुंद वाटेवरून मेमरीचीही ने-आण करतात आणि आपसातले निरोपही पाठवतात.

व्हिडिओचे रूपांतर करताना तरी पेंटियम डी पुढे असेल, ही धाकट्याची शेवटची आशा होती. अशा कामात फाटे कमी असतात आणि तेच तेच गणित पुन्हा पुन्हा चालते, त्यामुळे नेटबर्स्टला ते इतर कामांपेक्षा मानवते, हे खरेच आहे. पण एकदम अनेक आकड्यांवर गणित करणारी १२८ बिटांची एसएसई सूचना कोअर २ एका दमात घेतो आणि पेंटियम डी तिचे दोन अर्धे करून घेतो, त्यामुळे तिथेही फरक कमी होतो, फिरत नाही. रोजच्या वापरात आणि खेळांत तर ई ६३०० ची आघाडी उघड आहे. शिवाय उष्णतेसाठी ठरवलेली मर्यादा एकाची ९५ वॉट आणि दुसऱ्याची ६५ वॉट. मला विचाराल तर पंख्याचा आवाज ऐकत काम करणाऱ्याच्या दृष्टीने एवढ्यावरच निवाडा व्हायला हरकत नाही.

इंटेललाही हे उमगलेच होते. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्ये सोडून दिला गेला आणि जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, असे मास्तरांनी सांगितले. त्याआधी २००१ मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिने १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरला घड्याळापेक्षा मोठ्या आकड्याचे ‘१८०० प्लस’ असे नाव दिले होते, कारण आकडा पाहूनच माल घेणाऱ्यांना समजावणार कोण? धाकट्याने हे निमूट ऐकून घेतले.

अखेर, घरातल्या जुन्या मदरबोर्डवर ई ६३०० च बसवायचा असे त्याने ठरवले. सॉकेट दोघांचे एकच, एलजीए ७७५, तेव्हा अडचण येण्याचे कारण नाही असे त्याला वाटत होते. दादाने बोर्डाचा क्रमांक विचारून उत्पादकाची यादी मोबाइलवर उघडली. ई ६३०० यादीत होता, पण बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा त्यावरचाच प्रोग्रॅम, नवा असेल तरच चालेल अशी नोंद शेजारी होती. धाकट्याच्या बोर्डावरचा बायोस पहिल्या दिवशीचा होता. जुना बायोस कोअर २ ला ओळखत नसेल, तर तो बसवून बोर्ड सुरूच होणार नाही आणि बोर्ड सुरू झाला नाही तर बायोस बदलणार कसा? दादाने ई ६३०० पिशवीत परत ठेवला आणि पेंटियम डी धाकट्याच्या हातावर ठेवून म्हणाला, “आधी हा बसव, बायोस चढव आणि मग दुसरा न्यायला ये.”