रांजणाखालचे हरितगृह

उन्हाळ्यात झुडपांची छाट कलमे लावावीत, असे बागकामाची पुस्तके ज्या निश्चिंतपणे सांगतात, त्यावरून ती लिहिणाऱ्यांनी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात मे महिन्याची एकही दुपार काढलेली नसावी, असा माझा कयास आहे. कलमाला ऊब, ओलावा आणि धीर एवढेच लागते म्हणे. पैकी ऊब आमच्याकडे उदंड आहे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागतो आणि पारा ४५ अंशांना खुशाल हात लावतो. मुळ्या फुटायला मात्र मातीचे तापमान २५ अंशांच्या आसपास असावे लागते. उरलेले वीस अंश कोठे ठेवायचे, याबद्दल पुस्तके मौन पाळतात.

काडी भल्या सकाळी कापावी, ती पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब असावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्यावा, वरची दोनच पाने ठेवावीत आणि तीही कात्रीने अर्धी करावीत. मुळ्या नसलेल्या काडीला पाणी ओढता येत नाही आणि पाने मात्र ते हवेत उडवीतच राहतात. मिळकत बंद आणि खर्च चालू, असा तो संसार असतो. म्हणून भोवतीची हवा दमट ठेवावी लागते, आणि पॉलीहाऊस नसलेला माणूस त्यासाठी बाटलीचे बूड कापून ती काडीवर पालथी घालतो. ही बाटली उन्हात राहिली, तर आत कलम होत नाही, भाजी शिजते.

गारव्याच्या शोधात मी घरभर फिरलो. कूलरसमोरची जागा वडिलांच्या नावे असल्यामुळे तिचा विचारही करता आला नाही. शेवटी ओसरीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, तुराट्यांच्या तट्ट्याआड, आईचा पाण्याचा रांजण सापडला. रांजण पाझरतो, खालची वाळू भिजते आणि ते पाणी वाफ होता होता वाळूला थंड ठेवते. भर दुपारी अंगणात पाय ठेववत नाही तेव्हाही या वाळूत बोट खुपसले, तर ते काढावेसे वाटत नाही. जास्वंद, तगर, मोगरा आणि कण्हेर यांच्या काड्या मी तेथेच रोवल्या. सकाळी बाटल्यांच्या आतून बारीक थेंब ओघळताना दिसत आणि मला उगाच मोठेपण वाटे.

खरा उपद्रव उन्हाचा नसतो, पाहुण्यांचा असतो. पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण एका हाताने गडू तोंडाला लावी आणि दुसऱ्या हाताने बाटली उचलून काडी उपटून पाही. "काहून जी, काड्या वाळू घातल्या का?" असे एकाने विचारले. "मुळ्या फुटल्या का, पायत होतो," असे सांगून दुसऱ्याने तगर परत रोवली, तीही डोके खाली आणि पाय वर. नव्या मुळ्या दोऱ्यासारख्या पांढऱ्या आणि विलक्षण ठिसूळ असतात. पाहणाऱ्याला त्या दिसतात तेव्हाच तुटतात. त्यात जास्वंदीसारखी लबाड झाडे मुळ्या नसतानाच, काडीतल्या शिलकीवर, हिरवे कोंब काढून साऱ्या घराकडून कौतुक करवून घेतात आणि आठवड्याने माना टाकतात.

महिनाभराने, मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर, जगलेली रोपे पिशव्यांत भरली आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. रांजण आईचा, म्हणून मोगरा तिचा. वाळू काकांच्या घरबांधणीतून उरलेली, म्हणून सुलट राहिलेल्या तगरी त्यांच्या. बाटल्या पुतण्याने जमवलेल्या. त्याने जास्वंद मागितली, आणि ती त्याच संध्याकाळी शेजारच्या शेळीने खाल्ली. माझ्या वाट्याला कण्हेर आली. तिचा चीक विषारी असल्यामुळे तिच्यावर शेळीने हक्क सांगितला नाही आणि नातेवाइकांनीही नाही.